१ जुलैच्या आधी: एनएचएल खेळाडूचे दोन भाव कसे काढायचे

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमध्ये प्रत्येक खेळाडूला एकाच वेळी दोन भाव असतात. त्याच्या बदल्यात दुसरा संघ काय देईल, हा एक. सही करायला त्याला स्वतःला किती पैसे आणि किती वर्षं मिळतील, हा दुसरा. करार संपत आला की हे दोन भाव उलट दिशांना जायला लागतात. पहिला मार्चपासून उतरत उतरत ३० जूनला जवळजवळ शून्यावर येतो आणि दुसरा त्याच दिवशी सगळ्यात वर असतो. खेळाडू तोच, खेळ तोच. जूनमधल्या ज्या ट्रेडवर, म्हणजे दोन संघांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीवर, लोक "एवढ्याशात सोडला?" म्हणून चिडतात, त्यातले बरेचसे ट्रेड एवढं लक्षात ठेवलं तरी उलगडतात.

मी मुलुंडला राहते आणि बँकेत कर्जाच्या प्रस्तावांची छाननी करते. माझा भाचा कॅनडात कॅल्गरीला असतो, त्याच्यामुळे मला तिथल्या फ्लेम्स संघाचा नाद लागला. हिवाळ्यात कॅल्गरीत संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात, म्हणजे पहिला पिरियड माझा लोकलच्या लेडीज डब्यात जातो. वडील चर्चगेटला आगा खान कपचे सामने बघायला जायचे, त्यामुळे घरात हॉकी होतीच. पण त्या हॉकीत खेळाडू रेल्वेत, बँकेत, पोलिसांत नोकरीला असायचा आणि त्या त्या संघाकडून खेळायचा. त्याला विकणं, त्याचे हक्क देणं-घेणं हा प्रकारच नव्हता. बर्फावरच्या हॉकीचा हा बाजार मला मुळापासून शिकावा लागला. दर वर्षी जून आला की भाचा फोनवर एकेक नाव घेऊन विचारतो, "मावशी, याला ठेवायचा की द्यायचा?" त्याला मी ज्या क्रमाने उत्तर देते, तोच क्रम इथे लिहिते आहे.

आकड्यांच्या आधी वय आणि तारीख

१ जुलैला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे बारा वाजले, म्हणजे मुंबईत रात्रीचे साडेनऊ झाले, की बाजार उघडतो. त्या क्षणी ज्यांचा करार संपला आहे असे खेळाडू दोन जातींचे असतात. ३० जूनपर्यंत ज्याचं वय २७ झालं आहे किंवा ज्याचे लीगमध्ये सात मोसम भरले आहेत तो यूएफए, पूर्ण मोकळा. त्याला कुणाशीही बोलता येतं आणि जुन्या संघाला बदल्यात काहीच मिळत नाही. त्याहून लहान असेल तो आरएफए. संघाने ठरलेल्या किमान रकमेची ऑफर दिली की त्याचे हक्क संघाकडेच राहतात.

आरएफएवर दुसऱ्या संघाला ऑफर शीट, म्हणजे कराराची लेखी ऑफर, टाकता येते. जुन्या संघाने सात दिवसांत तेवढीच रक्कम द्यायची, नाहीतर खेळाडू सोडून त्या संघाचे ड्राफ्ट पिक, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या पाळ्या, घ्यायचे. हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा जोरात लागतं. २०२४च्या ऑगस्टमध्ये सेंट लुईस ब्लूजने एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्ग आणि डायलन हॉलोवे या दोघांवर एकाच दिवशी ऑफर शीट टाकली. एडमंटनकडे कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगारांवरच्या मर्यादेत, जागा नव्हती. दोघेही गेले आणि हाती एक दुसऱ्या फेरीचा आणि एक तिसऱ्या फेरीचा पिक आला. म्हणून आरएफएचा भाव काढताना त्याच्या संघाच्या कॅपमध्ये किती जागा उरली आहे तेही बघायचं. जागा नसलेल्या संघाचा चांगला आरएफए बाकीच्यांना स्वस्तात मिळू शकतो.

तिसरी तारीख फार जण विसरतात. करार संपायच्या बरोबर एक वर्ष आधीच्या १ जुलैपासून संघाला त्या खेळाडूशी पुढच्या कराराची बोलणी करता येतात. ट्रेडचा खरा निर्णय तिथे घ्यायचा असतो. शेवटच्या जूनमध्ये निर्णय घ्यायला बसलेल्या संघाच्या हातातून निम्मी पानं आधीच गेलेली असतात.

कॅल्गरीचा २०२२चा उन्हाळा

नियम पाठ करण्यापेक्षा हा एक उन्हाळा समजून घेतला तर जास्त कळतं.

२०२१-२२च्या मोसमात फ्लेम्सच्या पहिल्या फळीत जॉनी गॉड्रोने ११५ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास, म्हणजे असिस्ट, मिळून) केले आणि मॅथ्यू कचकने १०४. कोविडमुळे वेळापत्रक पुढे सरकल्याने त्या वर्षी बाजार १३ जुलैला उघडला. गॉड्रो पूर्ण मोकळा होता. तो कोलंबसला गेला, ७ वर्षांसाठी, वर्षाला ९७.५ लाख डॉलरवर. कॅल्गरीच्या हाती शून्य. (२०२४च्या ऑगस्टमध्ये सायकलवरून जाताना गाडीने उडवल्यामुळे गॉड्रो आणि त्याचा धाकटा भाऊ दोघेही गेले. त्याचं नाव अशा हिशेबाच्या ओळीत लिहिताना माझा हात जड होतो. त्याचा खेळ बघायला मिळाला हे मी माझं भाग्य समजते.)

कचक तेव्हा २४ वर्षांचा आरएफए होता आणि कॅल्गरीकडे त्याचं अजून एक वर्ष होतं. त्याने लांबचा करार करणार नाही असं कळवलं. २२ जुलैला तो फ्लोरिडाला गेला आणि जाता जाता ८ वर्षांचा, वर्षाला ९५ लाख डॉलरचा करार सही करून गेला. बदल्यात फ्लोरिडाने जोनाथन ह्युबर्डो दिला, ज्याने त्याच मोसमात ११५ गुण केले होते. वर मॅकेन्झी वीगर हा पहिल्या चारात खेळणारा डिफेन्समन, कोल श्विंट आणि पहिल्या फेरीचा एक पिक.

एकच संघ, एकच उन्हाळा, एकाच फळीतले दोन विंगर. जास्त गुण करणाऱ्याच्या बदल्यात काही नाही आणि कमी गुण करणाऱ्याच्या बदल्यात एवढं सगळं. हा फरक खेळाचा नव्हता. एक वर्ष शिल्लक होतं आणि सही होणार याची खात्री होती, या दोन गोष्टींचा हा फरक. ट्रेडचा भाव म्हणजे मुख्यतः या दोनच गोष्टी.

भाचा त्या रात्री आनंदात होता आणि ट्रेडपुरता तो आनंद रास्त होता. पण ऑगस्टमध्ये कॅल्गरीने ह्युबर्डोला ८ वर्षांचा, वर्षाला १ कोटी ५ लाख डॉलरचा करार दिला, तेव्हा दुसऱ्या भावाचा प्रश्न आला. ह्युबर्डो २९ वर्षांचा होता, करार त्याच्या तिशीत सुरू होणार होता. ११५ गुणांतले ८५ असिस्ट होते, म्हणजे पास त्याचा असला तरी गोल दुसऱ्याच्या काठीतून जात होता. पुढच्या मोसमात संघ बदलला, सोबती बदलले, खेळाची पद्धत बदलली आणि त्याचे गुण झाले ५५. नवा करार तेव्हा सुरूसुद्धा झाला नव्हता. कर्ज देताना आम्हीही मागच्या वर्षांचे ताळेबंद बारकाईने वाचतो, पण हप्ते पुढच्या वर्षांच्या धंद्यातून यायचे असतात. इथेही पैसे पुढच्या आठ वर्षांचे द्यायचे होते आणि डोळ्यांसमोर होतं मागचं एक वर्ष.

डॉलर बाजूला ठेवा, टक्के काढा

२००४-०५चा अख्खा मोसम टाळेबंदीत गेला आणि त्यानंतर २००५-०६ला सॅलरी कॅप आली. तेव्हा ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०१९-२० ते २०२१-२२ ती ८ कोटी १५ लाखांवर अडकली होती. मग हळूहळू हलली: ८ कोटी २५ लाख, ८ कोटी ३५ लाख, २०२४-२५ला ८ कोटी ८० लाख. २०२५-२६ला ती ९ कोटी ५५ लाख झाली. २०२६-२७साठी १० कोटी ४० लाख आणि २०२७-२८साठी ११ कोटी ३५ लाख हे आकडे लीगने आणि खेळाडूंच्या संघटनेने २०२५च्या जानेवारीतच मिळून जाहीर केले.

म्हणून नुसती रक्कम ऐकून "फार दिले" किंवा "कमी दिले" म्हणू नये. करार सुरू होताना ती रक्कम कॅपच्या किती टक्के होती ते काढा. सिडनी क्रॉस्बीचा ८७ लाखांचा करार २००८-०९ला सुरू झाला तेव्हा कॅप ५ कोटी ६७ लाख होती, म्हणजे १५.३ टक्के. लिऑन ड्रायसाइटलचा १ कोटी ४० लाखांचा करार २०२५-२६ला सुरू झाला तेव्हा तो १४.७ टक्के होता. आकडा मोठा, वाटा लहान. २०१८ला जॉन टवारेस १ कोटी १० लाखांवर टोरंटोला गेला तो १३.८ टक्के, २०१९ला आर्टेमी पनारिन न्यू यॉर्क रेंजर्सकडे गेला तो १४.३ टक्के. किरिल कप्रिझोव्हचा १ कोटी ७० लाखांचा करार २०२६-२७ला सुरू होतो, तो १६.३ टक्के. एका खेळाडूला जास्तीत जास्त २० टक्के देता येतात.

तुलना करायची ती या टक्क्यांची. तुमच्या खेळाडूसारखे, त्याच जागेवर खेळणारे, सही करताना त्याच वयाचे, मागच्या तीन मोसमांत त्याच्याएवढे गुण केलेले तीन-चार खेळाडू शोधा आणि त्यांना कॅपचा किती वाटा मिळाला ते वहीत लिहा. तो वाटा येत्या वर्षाच्या कॅपला गुणा. जे येईल ते बाजाराचं उत्तर. ते तुमचंही उत्तर असलंच पाहिजे असं नाही, पण संघाला त्याच्या आसपास पैसे मोजावे लागणार हे पक्कं.

कॅप वाढत असताना आणखी एक गोष्ट घडते: आज महाग वाटणारा करार दोन वर्षांत आपोआप स्वस्त होतो. पण कॅप अडकून राहिली तर उलटं होतं आणि २०१९-२०नंतर बऱ्याच संघांचं तसंच झालं. त्यामुळे जाहीर झालेल्या आकड्यांपुढची वाढ मी हिशेबात धरत नाही. इतरांनीही धरू नये असं माझं ठाम मत आहे.

गुणांमागे काय आहे ते पाहा

करार संपण्याच्या वर्षी केलेले गोल सगळ्यात महाग विकले जातात आणि नेमक्या त्याच गोलांकडे सगळ्यात संशयाने बघायला हवं. पहिली तपासणी शूटिंग परसेंटेजची, म्हणजे मारलेल्या शॉटपैकी किती आत गेले याची. विल्यम कार्लसनने २०१७-१८ला वेगासच्या पहिल्याच मोसमात १८४ शॉटवर ४३ गोल केले: २३.४ टक्के. वर्षानुवर्षं एवढं प्रमाण कुणाचंच टिकत नाही. वेगासने घाई केली नाही, एक वर्षाचा ५२.५ लाखांचा करार केला. पुढच्या मोसमात त्याचे २४ गोल झाले आणि मग ८ वर्षांचा करार ५९ लाखांवर ठरला. तो उत्तम खेळाडू होताच, आणि योग्य भावात मिळाला. थांबण्याचं हे शहाणपण मला फार आवडतं.

याच्या उलट बफेलोचा जेफ स्किनर. २०१८-१९ला त्याने ४० गोल केले, तेही करार संपण्याच्या वर्षी आणि जॅक आयकेलच्या बाजूला खेळताना. ८ वर्षं, वर्षाला ९० लाख. पुढच्या मोसमात १४ गोल, त्याच्या पुढच्या छोट्या मोसमात ७. नंतर तो काही प्रमाणात सावरला, पण २०२४च्या जूनमध्ये बफेलोने पैसे मोजून करारच मोडला.

म्हणून एक मोसम कधीच पुरेसा नाही. मी तीन मोसम घेते आणि ताज्याला तीन, त्याच्या आधीच्याला दोन, सगळ्यात जुन्याला एक असं वजन देते. गुण एकूण नाहीत, दर सामन्यामागचे. मग पॉवर प्लेचे, म्हणजे समोरच्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे, गुण वेगळे काढते, कारण नव्या संघात पहिल्या पॉवर प्लेवर जागा मिळेल याची हमी नसते. पाच-विरुद्ध-पाचचा खेळ मात्र तो जाईल तिथे त्याच्यासोबत जातो. तिसरी गोष्ट, फळीतले सोबती. मोठ्या सेंटरच्या बाजूला खेळणाऱ्या विंगरचे गुण बघताना तो सेंटर जखमी असतानाचे सामने शोधून वाचावेत. ते थोडे असतात, पण तेवढेच सामने त्या विंगरबद्दल खरं सांगतात.

वय इथे पुन्हा येतं. फॉरवर्डचा गुण करण्याचा बहर विशीच्या मध्याला असतो. यूएफए होतो तो बहुतेक वेळा २७ला किंवा त्यानंतर. म्हणजे हा बाजार भरतो तोच मुळी उताराच्या तोंडाशी. सात वर्षांच्या कराराची पहिली तीन-चार वर्षं संघ वापरायला घेतो आणि शेवटची तीन त्याची किंमत म्हणून सोसतो. हे दोघांनाही माहीत असतं. त्यामुळे "शेवटच्या वर्षी हा ३६चा असेल" हा आक्षेप मी फार मनावर घेत नाही. पहिली तीन वर्षं पैसे फेडणारी आहेत का, एवढंच मी बघते.

प्लेऑफचा, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांचा, खेळ किती मोजायचा यावर भाच्याचं आणि माझं जमत नाही. सॅम बेनेटने २०२५च्या प्लेऑफमध्ये १५ गोल केले, प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी घेतली आणि फ्लोरिडाने त्याला ८ वर्षं, वर्षाला ८० लाख दिले. नियमित मोसमात त्याचे गुण होते ५१. भाच्याला हे जास्त वाटतं. मला वाटत नाही, कारण दमदार, अंगावर येणारा सेंटर मे-जूनमध्ये काय करतो हे त्या संघाने एकदा नव्हे, लागोपाठच्या प्लेऑफमध्ये जवळून पाहिलं होतं. दुसऱ्या संघाने तेवढेच पैसे दिले असते तर मीही नाक मुरडलं असतं.

गोलकीपरचा हिशेब मात्र मी या रीतीने करत नाही. सर्गेई बोब्रोव्स्की २०१९ला ३० वर्षांचा असताना फ्लोरिडाने त्याला ७ वर्षं, वर्षाला १ कोटी दिले. पहिली काही वर्षं हा करार गळ्यातला धोंडा वाटत होता. मग २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन स्टॅनले कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, त्याच गोलकीपरने जिंकून दिले. गोलकीपरच्या मागच्या तीन वर्षांवरून पुढची तीन सांगता येत नाहीत. म्हणून वर्षं कमी आणि रक्कम हवी तर थोडी जास्त, एवढंच मी म्हणेन.

एक हिशेब पूर्ण करून: जेक गेंट्सल

मार्च २०२४. गेंट्सल २९ वर्षांचा, पिट्सबर्गचा विंगर, करार वर्षाला ६० लाखांचा आणि जूनमध्ये संपणारा. त्या मोसमापुरती ट्रेडची मुदत संपायच्या आदल्या दिवशी पिट्सबर्गने तो कॅरोलायनाला दिला आणि त्याच्या पगाराचा २५ टक्के भार स्वतःकडे ठेवला, म्हणजे कॅरोलायनाला तो ४५ लाखांना पडला. बदल्यात मायकल बंटिंग, तीन होतकरू खेळाडू आणि अटी घातलेले ड्राफ्ट पिक. कॅरोलायनाने विकत काय घेतलं? नियमित मोसमाचे १७ सामने, एक प्लेऑफ आणि मोसम संपल्यावर इतरांच्या आधी बोलण्याचा हक्क.

३० जूनला फक्त तो बोलण्याचा हक्क शिल्लक होता. सही काही झाली नाही आणि कॅरोलायनाने तो हक्क टँपा बेला दिला. किंमत: तिसऱ्या फेरीचा एक पिक. दुसऱ्या दिवशी टँपाने त्याच माणसाशी ७ वर्षांचा ६ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. चार महिन्यांत एक भाव जमिनीला टेकला आणि दुसरा शिखरावर गेला, आणि त्या चार महिन्यांत गेंट्सल जराही वाईट खेळला नव्हता.

आता त्या ६ कोटी ३० लाखांचा हिशेब. तीन मोसम: २०२१-२२ला ७६ सामन्यांत ८४ गुण, २०२२-२३ला ७८ सामन्यांत ७३, २०२३-२४ला ६७ सामन्यांत ७७. दर सामन्याला अनुक्रमे १.११, ०.९४, १.१५. एक-दोन-तीन वजनाने सरासरी १.०७. दुखापती धरून ७५ सामने खेळेल असं समजलं तर साधारण ८० गुण. शंका एकच, आणि मोठी: पिट्सबर्गमध्ये तो क्रॉस्बीच्या बाजूला खेळायचा. पण कॅरोलायनाच्या १७ सामन्यांत क्रॉस्बी नव्हता आणि गेंट्सलचे २५ गुण होते. १७ सामने फार नाहीत, तरी ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं तेच ते सामने.

वर्षाला ९० लाख म्हणजे सहीच्या वेळच्या कॅपचे १०.२ टक्के. दुसऱ्या वर्षी ९.४, तिसऱ्या वर्षी ८.७, चौथ्या वर्षी ७.९. पहिल्या फळीतल्या विंगरसाठी चौथ्या वर्षी हा वाटा माफकच म्हणायला हवा. शिवाय फ्लोरिडात पगारावर राज्याचा आयकर नाही. टेक्सास, नेवाडा, टेनेसीतही नाही. त्यामुळे त्याच आकड्यातून खेळाडूच्या हातात तिथे जास्त उरतं आणि ते संघ थोडं कमी बोलूनही जिंकतात. माझा निष्कर्ष तेव्हाही होता आणि आजही आहे: रास्त करार, शेवटची दोन वर्षं सोडून. पुढच्या मोसमात त्याने ८० सामन्यांत ४१ गोल आणि ८० गुण केले. सरासरी १.०७वरून १.००वर आली, म्हणजे एका वर्षाने वय वाढलेल्या विंगरची यावी तशीच.

ट्रेडचा भाव: सहीची शक्यता

शेवटच्या वर्षातला खेळाडू विकत घेणाऱ्याच्या नजरेने बघा. त्याला दोन वस्तू मिळतात: उरलेले सामने आणि पुढे सही होण्याची शक्यता. उरलेले सामने कपच्या शर्यतीतल्या संघालाच मोलाचे, म्हणून असे संघ किती आहेत आणि त्यातल्या कितींना नेमकी हीच जागा भरायची आहे हे मोजावं. दोन गिऱ्हाईकं असतील तर भाव आहे, एकच असेल तर नाही.

सहीच्या शक्यतेचं वजन मिको रँटानेनने २०२५मध्ये दाखवून दिलं. जानेवारीत कोलोरॅडोने तो कॅरोलायनाला दिला आणि बदल्यात मार्टिन नेचस, जॅक ड्रुरी आणि दोन पिक घेतले. शिकागोने मध्ये पडून त्याच्या पगाराचा निम्मा भार उचलला. कॅरोलायनात तो सही करेना. ७ मार्चला, ट्रेडच्या मुदतीच्या दिवशी, तो डॅलसला गेला. मुदत तिकडच्या दुपारी तीनची, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीडची, आणि मी जागी होते. डॅलसने लोगन स्टँकोव्हन, पहिल्या फेरीचे दोन आणि तिसऱ्या फेरीचे दोन पिक दिले, कारण तिथे तो ८ वर्षांची, वर्षाला १ कोटी २० लाखांची सही करायला तयार होता. सहीशिवाय मार्चमधल्या कुठल्याही विंगरला एवढं कुणी देत नाही.

यात नो-मूव्ह कलम (खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडे धाडता येत नाही) आलं की विकणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. मिच मार्नरकडे ते होतं. २०२४-२५ला त्याने १०२ गुण केले आणि ३० जून २०२५ला तो वेगासला गेला, ८ वर्षं, वर्षाला १ कोटी २० लाख. टोरंटोला मिळाला निकोला रॉय हा एक सेंटर. वेगासने तेवढं तरी का दिलं? कारण स्वतःच्या संघाला ८ वर्षांचा करार देता येत होता, बाहेरच्याला ७च. ते आठवं वर्ष टोरंटोच्या हातातून विकत घेतलं गेलं. नवा सामूहिक करार १६ सप्टेंबर २०२६ला लागू होतो, त्यात या मर्यादा ७ आणि ६ होतात. तेव्हा जुने ट्रेड नमुना म्हणून वापरताना वर्षांचा आकडा तपासून घ्या.

"बदल्यात काही न घेता जाऊ द्यायचा नाही" हे मात्र ब्रह्मवाक्य मानू नका. २०१९ला कोलंबसकडे पनारिन आणि बोब्रोव्स्की दोघेही शेवटच्या वर्षात होते. संघाने दोघांनाही ठेवलं, उलट आणखी खेळाडू आणले. जुलैत दोघेही गेले. पण त्याआधी त्याच संघाने नियमित मोसमात ६२ सामने जिंकलेल्या टँपाला पहिल्या फेरीत सरळ चार सामन्यांत हरवलं. कोलंबसने जिंकलेली ती पहिली प्लेऑफ मालिका. त्या शहराने इतकी वर्षं वाट बघितली होती. दोन पिक आणि एक होतकरू पोरगा घेऊन ते वर्ष विकून टाकायला हवं होतं असं मला कुणी पटवू शकणार नाही. २०१८ला न्यू यॉर्क आयलँडर्सचं उलट झालं: टवारेस असूनही संघ प्लेऑफमध्ये नव्हता, तरी मुदतीपर्यंत ठेवला आणि १ जुलैला तो टोरंटोला गेला. शर्यतीत नसाल तर ठेवू नका.

१ जुलैच्या रात्री काय वाचायचं

साडेनऊनंतर बातम्या धडाधड येतात आणि त्यात फक्त वर्षं आणि एकूण रक्कम असते. लगेच मत बनवू नका. त्या रकमेतला सायनिंग बोनस, म्हणजे पगारापासून वेगळा ठरलेला भाग, किती ते कळेपर्यंत थांबा. करार मोडायचा झाला तर उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग, खेळाडू २६ वर्षांहून लहान असेल तर एक तृतीयांश, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात द्यावा लागतो. पण सायनिंग बोनस एका पैशानेही कमी होत नाही. बोनसने भरलेला करार मोडून काही सुटत नाही. मिनेसोटाने २०२१ला झॅक परिसे आणि रायन सूटर यांचे १३-१३ वर्षांचे करार मोडले, तर २०२३-२४ आणि २०२४-२५ला दर वर्षी १ कोटी ४७ लाखांहून जास्त जागा न खेळणाऱ्या दोन माणसांपायी अडकून राहिली.

बोनसनंतर नो-मूव्ह कलम किती वर्षांचं आहे ते पाहा. पहिली तीन-चार वर्षं पूर्ण आणि मग ठरावीक संघांची यादी, असं असेल तर उताराच्या वर्षांत सुटकेची वाट आहे. शेवटपर्यंत पूर्ण असेल तर सातही वर्षं तो खेळाडू तुमचाच, असं धरून टक्क्यांचा हिशेब पुन्हा मांडा.